लिंडौ येथील सरोवर आणि डॉ. ब्यूलर

जर्मनी देशाच्या दक्षिण सीमेवर बोडनझे नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्यातील एका बेटावर लिंडौ हे लहानसे शहर वसले आहे. बंदराच्या तोंडाशी एके बाजूस दीपगृह व दुसऱ्या बाजूस दगडी सिंह उभा आहे. काठाकाठाने फळबागा व द्राक्षांचे मळे असून पाण्यापलीकडे आल्प्स पर्वताची हिमाच्छादित शिखरे दिसतात. ह्या रम्य स्थळी ज्या पंडिताचा अंत झाला, त्यांचे आमच्या प्रांतावर मोठे ऋण आहे. म्हणून त्यांचे अल्प चरित्र आम्ही प्रिय वाचकांस सादर करितो.

योहान गेओर्ग ब्यूलर यांचा जन्म १८३७ साली हानोव्हर राज्यातील बोर्स्टेल ह्या खेड्यात एका पाळकाच्या घरी झाला. गटिंगेन येथे संस्कृताचे अध्ययन करून १८५८ साली त्यांनी डॉक्टर ही पदवी मिळविली. १८६३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात प्राच्य भाषांचे अध्यापक झाले व पुढे गुजराथेत विद्याखात्याचे इन्स्पेक्टर झाले. आमचे उपदेशक जसे गावोगाव फिरतात, तसे ते शाळा तपासीत फिरत, आणि सरकारच्या वतीने जुन्या पोथ्यांचाही शोध करीत. त्याकरिता १८७५ साली ते काश्मीरापर्यंत गेले. त्यांनी सरकारासाठी जमविलेल्या पुष्कळ पोथ्या आज पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुरक्षित आहेत.

एतद्देशीय विद्वानांविषयी त्यांस खरा आदर होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नेपाळातील शिलालेखांवर गुजराथीत लिहिले, त्याचे इंग्रजी भाषांतर ब्यूलर यांनी स्वतः केले, आणि पंडितांचे श्रेय पंडितांसच दिले. ह्याच भगवानलालांस १८८२ साली सोपारे येथे अशोक राजाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. भाईंदरच्या वाचकांस ते स्थळ दूर नाही. वसईची खाडी ओलांडली की तो मुलूख लागतो. अशोकाच्या लेखांचा अर्थ लावण्यात ब्यूलर यांनी फार परिश्रम केले.

प्रकृती खालावल्यामुळे १८८० साली त्यांनी हिंदुस्थान सोडले व पुढील वर्षी ते व्हिएन्ना येथे अध्यापक झाले. १८८६ साली त्यांचे मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. नंतर अनेक पंडितांच्या साहाय्याने भारतीय विद्यांचा एक बृहत्कोश रचण्याचे कार्य त्यांनी आरंभिले.

१८९८ साली पुनरुत्थानाच्या सणाकरिता ते झुरिक येथे पत्नी व पुत्र यांजकडे निघाले. वाटेत लिंडौ येथे हवा प्रसन्न दिसली, म्हणून ते तेथे थांबले. ८ एप्रिल रोजी, उत्तम शुक्रवारी, ते एकटेच लहान होडीतून सरोवरात गेले. सायंकाळी ती होडी लोकांच्या दृष्टीस पडली होती. त्यानंतर ते कोणास दिसले नाहीत. त्यांचा देहही हाती लागला नाही. तिकडे घरची माणसे सणासाठी वाट पाहत होती.

कोशाचे काम अर्धेच राहिले होते. परंतु पूर्वी पुण्यास डेक्कन कॉलेजात असलेले त्यांचे स्नेही डॉ. कीलहॉर्न यांनी संपादनाचा तो भार उचलला व कार्य चालू ठेविले. खाडीवर उपजीविका करणाऱ्या आमच्या बांधवांस पाण्याचा भरवसा किती, हे सांगावयास नको. मनुष्याचा दिवस केव्हा मावळेल हे त्यास कळत नाही. परंतु प्रामाणिकपणे आरंभिलेले काम दुसऱ्या हातांनी पुढे जाते, हे ह्या चरित्रावरून दिसते.