संडास बदलणारा प्रोफेसर

आज घरातला संडास बदलायचा म्हटलं की आपण दुकानात जातो, भारतीय पॉट घ्यायचा की कमोड एवढंच ठरवतो आणि बाकीचं प्लंबरवर सोडतो. पण एके काळी आपल्या सातारा-सांगलीसारख्या गावांच्या जुन्या पेठांत टोपलीचे संडास असायचे. मागच्या बोळातून एक माणूस यायचा आणि मैला डोक्यावरून वाहून न्यायचा. त्याचं हे काम जन्मालाच ठरलेलं असायचं. हे मोडायला निघाले ते कोकणचे गांधी, म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन.

अप्पांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात, ब्राह्मण घरात झाला. अभ्यासात अतिशय हुशार. पुण्यात प्राध्यापकी मिळाली, पण ती सोडून ते गांधीजींकडे साबरमतीला गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच.

१९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी भंगीकाम मागितलं. वरच्या जातीच्या कैद्याला हे काम देता येत नाही, असं सरकारचं म्हणणं पडलं. अप्पा हटले नाहीत, त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरमध्ये उपोषण केलं. लोक कामं टाळायला भांडतात, हा माणूस संडास साफ करायला मिळावा म्हणून भांडला!

पण अप्पांना एक गोष्ट कळली होती. आपण झाडू हातात घेतला म्हणून टोपली जात नाही. त्यासाठी संडासच बदलावा लागेल. १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि तिथे ‘गोपुरी संडास’ तयार केला. तत्त्व एकदम सोपं. दोन कप्पे असतात, एका वेळी एकच वापरायचा. वरून माती, पालापाचोळा टाकायचा. तो भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. तोवर पहिल्यातल्या मैल्याचं कुजून सोनखत होतं. ते हाताळायला घाण वाटत नाही आणि शेतालाही उपयोगी पडतं. आज खेड्यांत बांधतात त्या दोन खड्ड्यांच्या शौचालयामागेही आलटून पालटून वापरायची हीच युक्ती आहे.

१९७१ साली अप्पा गेले. पुढे २००० साली सांगली जिल्ह्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि आपल्या भागातली गावंही कामाला लागली. हातानं मैला वाहण्यावर १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. तरीही गटारात उतरून माणसं मरतात. कायद्यानं बंदी आली, पण डिझाइन तेच राहिलं.

मित्रहो, आपल्यातले सिव्हिलवाले उद्या ड्रेनेजची ड्रॉइंग्ज काढतील. चेंबर तुंबलं तर आत कोण उतरणार, हा प्रश्न तेव्हा कागदावरच सुटला पाहिजे. अप्पांनी तो इंजिनिअर नसताना सोडवायला घेतला होता.