सैनिकाच्या जागी उभे राहिलेले फादर

14 ऑगस्ट हा संत मॅक्सिमिलियन कोल्बे ह्यांचा सण. पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या आदल्या दिवशी येत असल्याने तो आपल्या ध्यानातून बऱ्याचदा निसटतो.

त्यांचा जन्म 1894 साली पोलंडमधील एका विणकराच्या घरी झाला. फ्रान्सिस्कन धर्मगुरू झाल्यावर 1927 मध्ये त्यांनी वॉर्साजवळ निएपोकलानूव हा मठ उभारला. तेथील छापखान्यातून निघणाऱ्या मासिकाच्या लाखो प्रती घरोघरी जात. पुढे ते जपानला गेले, 1932 साली केरळातही येऊन गेले; पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले. त्याच महिन्यात फादरांना आणि मठातील ब्रदरांना पकडून नेण्यात आले. डिसेंबरमध्ये ते सुटून आले, तेव्हा देशाच्या पश्चिम भागातील हजारो लोकांना जर्मनांनी घरांतून हुसकावून लावले होते. त्यांतील सुमारे 3000 जणांना मठाने आसरा दिला. त्यांत ज्यू लोकही मोठ्या संख्येने होते. जे काही अन्नवस्त्र होते ते सर्वांमध्ये वाटले गेले.

फेब्रुवारी 1941 मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. मे महिन्यात आउश्वित्झ छळछावणीत रवानगी. तिथे ते कैदी क्रमांक 16670. जुलैअखेर एक कैदी पळाला, म्हणून 10 जणांना उपाशी मारण्यासाठी निवडण्यात आले. त्यांत फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक हे पोलिश सैन्यातील सार्जंट होते. बायकोमुलांची आठवण काढून ते आक्रोश करू लागले. फादर रांगेतून पुढे आले आणि त्यांनी ती जागा स्वतःसाठी मागून घेतली. अन्नपाण्यावाचून दोन आठवडे काढल्यावरही ते जिवंत होते. 14 ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. वय 47.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण बहुधा इथेच थांबतो. सार्जंट युद्धातून वाचले. घरी परतल्यावर पत्नी भेटली, पण दोन्ही मुलगे नव्हते. जानेवारी 1945 मध्ये सोविएत सैन्याच्या बॉम्बवर्षावात ते दोघे मरण पावले होते. ज्या मुलांसाठी बाप रडला, तीच गेली. आपल्या जागी दुसरा मेला ही सल त्यांना पुष्कळ वर्षे छळत राहिली. तरीही ठिकठिकाणी जाऊन ते फादरांविषयी सांगत राहिले. 10 ऑक्टोबर 1982 रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी फादर कोल्बे ह्यांना संतपद दिले, तेव्हा हे वृद्ध सार्जंट रोममध्ये हजर होते. 1995 साली, वयाच्या 93व्या वर्षी, त्यांना मरण आले.