गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३)

विद्यार्थी मित्रहो, नोकरी-व्यवसाय सांभाळून तुम्ही हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. भारतात मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले गिरींद्रशेखर बोस हेही असेच विद्यार्थी होते.

बोस यांनी १९१० साली वैद्यकीय पदवी मिळवून कलकत्त्यात व्यवसाय सुरू केला. संमोहनाची त्यांना तरुणपणापासून ओढ होती. त्यातूनच ते मनोरुग्णांच्या उपचाराकडे वळले. तथापि मन जाणण्यासाठी वैद्यकाची पदवी पुरेशी नाही, हे त्यांनी ओळखले. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन नुकतेच सुरू झाले होते. जम बसलेला हा डॉक्टर तेथे पुन्हा विद्यार्थी झाला आणि १९१७ मध्ये एम. ए. झाला. १९२१ मध्ये दमन या संकल्पनेवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. हा ग्रंथ त्यांनी व्हिएन्नाला फ्रॉइड यांच्याकडे पाठविला. त्यातून दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. मात्र भारतीय रुग्णांच्या अनुभवावरून जेथे मत वेगळे झाले, तेथे बोस यांनी ते स्पष्टपणे मांडले.

१९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, पुढे विद्यापीठात विभागप्रमुखपद सांभाळले. १९४० मध्ये याच संस्थेतर्फे लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय सुरू झाले.

अध्यापन, संशोधन आणि उपचार या मानसशास्त्राच्या तिन्ही वाटा एकाच आयुष्यात कशा एकत्र आल्या, हे तुम्ही पाहिलेत. त्यांपैकी आपली वाट कोणती, याचा विचार पुढील घटक अभ्यासताना अवश्य करा.