कै. अप्पासाहेब पटवर्धन : प्राध्यापकीकडून सोनखताकडे

आमच्या नारायण पेठेतील जुन्या वाड्यांची रचना ज्यांना आठवते, त्यांना वाड्याच्या पाठीमागचा अरुंद बोळही आठवत असेल. पुढच्या दरवाजाने पाहुणे येत, वर्तमानपत्र येई, विद्वानांच्या चर्चा रंगत. आणि मागच्या बोळातून टोपलीच्या संडासातील मैला डोक्यावरून वाहून नेणारे आपले काम मुकाट्याने उरकीत. त्या बोळाचा विचार करण्याची आम्हां सुशिक्षितांना कधी गरजच वाटली नाही. ज्या एका विद्वानाने तो विचार आपल्या आयुष्याचा विषय केला, त्यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत देण्याचे आम्ही योजिले आहे.

सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. तत्त्वज्ञान हा त्यांचा आवडीचा विषय. पुण्यास १९१६ साली निघालेल्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे पुढच्या स. प. महाविद्यालयात, त्यांनी अध्यापन केले. त्या काळी प्राध्यापकाची जागा म्हणजे घरादाराला भूषण! मुलीकडील मंडळी अशा स्थळाच्या शोधात पेठा पालथ्या घालीत. परंतु महात्मा गांधींच्या विचारांची ओढ अप्पांना लागली आणि ती जागा सोडून ते कोकणात परतले. आपल्या मध्यमवर्गात नोकरी लागणे हा सोहळा असतो, आणि ती आपण होऊन सोडणे हा बहुधा वेडेपणा ठरतो. अप्पांच्या वाट्याला हा शिक्का आला नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

१९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते होते. पुढे रत्नागिरीच्या तुरुंगात असता त्यांनी सफाईचे काम आपल्याला मिळावे अशी मागणी केली. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडे असे. उच्चवर्णीयाला ते देण्यास अधिकारी राजी होईनात. अप्पांनी त्यासाठी उपोषण आरंभिले, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यास बंदिवान असलेल्या गांधीजींनीही त्यांना पाठिंबा म्हणून अन्न वर्ज्य केले. सरकारने मागणीचा विचार करण्याचे मान्य केल्यावर तो उपवास सुटला. झाडू मागण्यासाठी माणसाने अन्न सोडावे, ही घटना आजही वाचणाऱ्याला थबकविते.

परंतु अप्पांचे खरे कर्तृत्व तुरुंगाबाहेरचे, आणि तेही उतारवयाकडे झुकल्यावरचे आहे. ५ मे १९४८ रोजी त्यांनी कणकवली येथे गोपुरी आश्रमाची स्थापना केली. त्या वेळी त्यांनी वयाची त्रेपन्न वर्षे ओलांडली होती. या वयात पुण्याचा प्राध्यापक निवृत्तीवेतनाचा हिशेब मांडू लागतो.

कोकणची भूमी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अप्पांची अडचण सांगावयास नको. जांभ्या दगडाची उथळ माती. त्यावर धो धो पाऊस, जो जमिनीचा कस धुऊन समुद्रास मिळवितो. भाताच्या तरव्यासाठी शेतकरी पालापाचोळा व शेण जमिनीवर पसरून राब भाजीत असे. म्हणजे जे खत व्हावयाचे, त्याची राख होई. अशा जमिनीला सेंद्रिय खत हवे, आणि ते तर घरोघरी आपोआप तयार होत असूनही घाण म्हणून टाकले जात होते. अप्पांनी हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडविले. गोपुरी संडासाची युक्ती अगदी साधी आहे. खड्डे दोन, एक वापरात असता दुसरा मिटलेला. मैल्यावर माती व पालापाचोळा पडत राहिला की काही महिन्यांत त्याचे दुर्गंधरहित सोनखत बनते आणि ते हाताने उचलून शेतात टाकता येते. मैला डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाची मग गरजच उरत नाही. भाषणांनी जे साधले नाही, ते एका खड्ड्याने साधते, हे आम्हांस विशेष वाटते.

मेलेल्या गुरांची कातडी सोडविणे व कमाविणे हेही काम अप्पांनी स्वतः केले. त्यासाठी गोपुरीत चर्मालय चालविले. मैल्यापासून जळाऊ वायू काढण्याचेही प्रयोग झाले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने सुरी घेऊन मेलेल्या जनावराजवळ बसावे, हे दृश्य त्या काळच्या आमच्या ज्ञातिबांधवांनी कसे पाहिले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. व्याज आणि भाडे यांवर जगणे हेही त्यांना अमान्य होते. या विचाराचे अनुयायी मात्र थोडेच मिळाले, आणि ते आम्हांस स्वाभाविक वाटते, कारण घरभाड्यावर संसार चालविणारी कुटुंबे आमच्याही पेठेत कमी नव्हती.

१९७१ साली अप्पासाहेब निवर्तले. पुण्याजवळ देहू येथे डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला वायुसंयंत्र जोडण्याचे जे कार्य केले, त्याची प्रेरणा अप्पांकडून आलेली होती. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेस कायद्याने बंदी १९९३ साली आली, आणि अधिक कडक कायदा २०१३ साली झाला. नारायण पेठेतील ते मागचे बोळ बहुतेक ठिकाणी नव्या इमारतींखाली गेले आहेत. गोपुरी आश्रम मात्र कणकवलीस उभा आहे.