घाण्यावरचा टाळकरी

लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी मावळातून वाहत देहू-आळंदीला जाते. तिच्या काठच्या देवळांत पहाटे काकडा सुरू होतो आणि टाळ-मृदंगाने गाव जागे होते. हे गाणे दरबारात जन्मले नाही. त्याचे मूळ शोधायचे तर जात्यापाशी जावे लागते. दळताना बाया ज्या ओव्या गात, त्यांचाच छंद संतांनी उचलला आणि अभंग घडला. म्हणूनच निरक्षर माणसालाही तो सहज म्हणता येतो.

या गाण्याच्या इतिहासात चाकणच्या एका तेल्याचे नाव अगत्याने घ्यायला हवे. ते म्हणजे संताजी महाराज जगनाडे. जन्म १६२४ चा. घरी पिढीजात तेलघाणा होता. धंद्यापुरते लिहिणे आणि हिशेब त्यांना येत होता, आणि तेच पुढे फार मोलाचे ठरले. तुकोबांचे कीर्तन ऐकून संताजींचे मन संसारातून उठले. पण प्रपंच न सोडता परमार्थ करावा, असा उपदेश तुकोबांनी केला, असे परंपरा सांगते. संताजींनी घाणा सोडला नाही आणि टाळही सोडला नाही.

कीर्तनात बुवा चरण म्हणतात आणि मागे उभे असलेले टाळकरी ध्रुवपद झेलतात. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत संताजी होते. घाण्याचे रूपक घेऊन त्यांनी स्वतःही अभंग रचले.

पण त्यांचे मोठे काम वेगळेच. गळ्यातून गळ्यात जाणारे गाणे वाटेत बदलते, कधी हरवतेही. संताजींनी तुकोबांचे अभंग वह्यांत उतरवून ठेवले. १६५० मध्ये तुकोबा गेले, तरी शब्द राहिले. विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी याच वह्यांच्या आधारे गाथा छापली.

मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे संताजींची समाधी आहे. त्यांना माती देताना चेहरा काही केल्या झाकेना. शेवटी वैकुंठाहून तुकोबा आले, त्यांनी तीन मुठी माती टाकली, तेव्हाच तो झाकला, अशी कथा इथे सांगतात. खरेखोटे कोण ठरवणार? पण मागे उभे राहून ध्रुवपद झेलणाऱ्याला लोक विसरले नाहीत, एवढे मात्र या कथेतून कळते. पुढच्या वेळी काकड्याला गेलात, तर बुवांबरोबर मागच्या टाळकऱ्यांकडेही जरा बघा.