सरकारला हिशेब विचारणारे मास्तर : नामदार गोपाळ कृष्ण गोखले



आपल्या भोपाळच्या विधानसभेचे बजेट अधिवेशन सुरू झाले की वर्तमानपत्रांत रोज प्रश्नकाल, तारांकित प्रश्न, कटौती प्रस्ताव हे शब्द येऊ लागतात. मराठीत त्यांना प्रश्नोत्तरांचा तास, तारांकित प्रश्न, कपात सूचना असे म्हणतात. कोणत्या खात्याने किती खर्च केला, शाळेची इमारत का रखडली, नळाला पाणी का नाही, हे आमदाराने विचारायचे आणि मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यायचे, यात आज कोणाला काही नवल वाटत नाही. पण ज्या काळी उत्तर देणारे सरकारच परके होते आणि विचारणाऱ्याच्या हाती मतसुद्धा नव्हते, त्या काळी हे काम एका मराठी शिक्षकाने केले. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात एका बाजूला नरम दल आणि दुसऱ्या बाजूला गरम दल असे दोन रकाने असत, आणि गोखले पहिल्या रकान्यात एका ओळीत संपत. नरम म्हणजे मवाळ, म्हणजे भित्रे, असाच आम्हा मुलांचा समज होई. पुढे त्यांची बजेटवरची भाषणे वाचल्यावर तो समज टिकत नाही.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळ कागल येथे नोकरीस होते. ते 1879 मध्ये वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाला पाठवू लागले. पंधरांतून आठ गेल्यावर घर कसे चालले असेल, हा हिशेब मुलांनी करून पाहावा. (गणिताच्या तासाची आणि बक्षिसाची गोष्ट सर्वांना पाठ आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही.) कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे शिकून 1884 मध्ये ते बी.ए. झाले.

मोठ्या पगाराच्या मागे न लागता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात 1902 पर्यंत शिकवत राहिले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्याला येई तो ते शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालले.

याच काळात त्यांना गुरू भेटले, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सरकारकडे पाठवायच्या अर्जातला एखादा आकडा कच्चा असेल तर रानडे तो कागद परत करीत. सरकारी अहवाल, जनगणना, जमाखर्चाची पुस्तके पानापानाने वाचायची सवय गोखल्यांना रानड्यांच्या हाताखाली लागली. दुसरे एक नाव फारसे घेतले जात नाही, ते आम्हाला मुद्दाम घ्यावेसे वाटते. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतले हेडमास्तर. देशाच्या जमाखर्चाचे आकडे त्यांना मुखोद्गत असत. गोखल्यांच्या बजेटवरील भाषणांच्या तयारीत जोशींचा वाटा मोठा होता. कलकत्त्याला व्हाइसरॉयपुढे जे आकडे वाचले जात, त्यांतले कित्येक एका हेडमास्तरांच्या टेबलावर तपासलेले होते!

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी इंग्लंडमध्ये वेल्बी कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे 1897 मध्ये तिशीच्या गोखल्यांनी साक्ष दिली आणि उलटतपासणीत ते डगमगले नाहीत. पण त्याच प्रवासात त्यांच्यावर मोठा प्रसंग गुदरला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सैनिकांच्या अत्याचारांविषयी त्यांना मित्रांची पत्रे आली. त्यांवर विसंबून त्यांनी विलायतेत जाहीर आरोप केले. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला, तेव्हा पुरावा घेऊन पुढे यायला कोणी तयार होईना. गोखल्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली नाहीत आणि स्वतः बिनशर्त माफी मागितली. त्यासाठी स्वकीयांकडून त्यांना फार बोलणी खावी लागली. लोकांच्या यातना खोट्या होत्या असे नाही, पण सिद्ध करायला हाती काही नव्हते. आमच्या मते पुढच्या गोखल्यांची घडण येथे झाली. यानंतर ते सरकारविरुद्ध बोलत ते बहुधा सरकारच्याच छापील आकड्यांवरून.

ते 1899 मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि 1901 च्या अखेरीस व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात. म्हणूनच त्यांच्या नावामागे नामदार लागते. आता हे मंडळ कसे होते ते मुलांनी नीट समजून घ्यावे. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय. बहुसंख्य सभासद सरकारी अधिकारी. 1892 च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारायची परवानगी मिळाली होती, पण प्रश्न आधी लेखी द्यायचा, अध्यक्षांना तो नाकारता येई, आणि मिळेल ते उत्तर ऐकून खाली बसायचे. उपप्रश्न नाही. बजेटवर प्रत्येकाने वर्षातून एकदा बोलायचे. मतदान नाही, दुरुस्ती नाही, एक रुपयाही कमी-जास्त करता येत नाही. अशा ठिकाणी बोलून काय होणार, असे पुष्कळांना वाटे, आणि त्यांचे अगदीच चुकत होते असेही नाही.

26 मार्च 1902 रोजी गोखल्यांनी तेथे पहिले बजेट-भाषण केले. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी तिजोरीत मोठी शिल्लक दाखविली होती. सरकारच्या मते ते देशाच्या भरभराटीचे लक्षण होते. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भयंकर दुष्काळ लोकांनी नुकतेच सोसले होते. गोखल्यांनी एवढेच विचारले की लोक उपाशी असताना तिजोरी कशी भरली? आणि उत्तरही त्यांनीच सरकारच्या हिशेबातून काढून दाखविले. रुपयाचा विलायती भाव सरकारने चढवून ठेवल्यामुळे इंग्लंडला पाठवायच्या रकमेत सरकारची बचत झाली होती, पण तंगीच्या दिवसांत बसविलेले कर मात्र तसेच चालू होते. म्हणजे शिल्लक भरभराटीची नव्हती, गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या कराची होती. भाषणात त्रागा नव्हता. एका आकड्यापुढे दुसरा ठेवीत ते गेले, आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना ते आकडे नाकारता येत नव्हते, कारण ते त्यांचेच होते.

मिठाचेच उदाहरण घ्या. त्या वेळी मीठावर मणामागे अडीच रुपये कर होता. श्रीमंताच्या आणि मजुराच्या घरी मीठ सारखेच लागते, त्यामुळे हा कर गरिबावर अधिक बसे. गोखल्यांनी वर्षामागून वर्षे हा विषय सोडला नाही. 1903 मध्ये कर दोन रुपये झाला, 1905 मध्ये दीड रुपया, 1907 मध्ये एक रुपया. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला, तेव्हा वाढलेल्या खपाचे सरकारी आकडे घेऊन ते पुन्हा उभे राहिले. प्राप्तिकराची माफी पाचशे रुपयांच्या उत्पन्नापर्यंत होती, ती 1903 मध्ये हजारापर्यंत गेली. हे सर्व एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. काँग्रेसही ही मागणी करीत होती. पण ती मागणी सदनात, मंत्र्याच्या जागी बसणाऱ्याला तोंडावर आणि आकड्यांसह ऐकवणारे गोखले होते. लष्कराचा खर्च मात्र त्यांच्या बोलण्याने हटला नाही. रेल्वेवर इतका पैसा आणि पाटबंधाऱ्यांवर इतका कमी का, शहरांच्या पिण्याच्या पाण्याला आणि गटारांना पैसा का नाही, हेही ते विचारीत राहिले.

1909 च्या कायद्याने थोडी वाट मोकळी झाली. मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, ठराव मांडता येऊ लागला, त्यावर मतेही घेता येऊ लागली, मात्र ठराव सरकारवर बंधनकारक नसे. या सुधारणा व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्या नावाने ओळखल्या जातात. हेच मिंटो त्याच वर्षी भोपाळला आले आणि येथील मिंटो हॉलची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. भोपाळ तेव्हा बेगमसाहेबांचे संस्थान होते. येथील जमाखर्च कलकत्त्याच्या मंडळापुढे येत नसे. पुढे 1956 पासून 1996 पर्यंत मध्यप्रदेशाची विधानसभा याच इमारतीत भरली, म्हणजे येथे चाळीस वर्षे मंत्र्यांना प्रश्न विचारले गेले. 2021 मध्ये या इमारतीला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव देण्यात आले.

नव्या अधिकारांचा उपयोग गोखल्यांनी लगेच केला. फेब्रुवारी 1910 मध्ये नाताळला करारबद्ध मजूर पाठविणे थांबवावे असा ठराव त्यांनी मांडला आणि सरकारने तो मानला. मग त्यांनी आपल्या मनातला विषय काढला, प्राथमिक शिक्षण. पाचांपैकी चार गावांत शाळा नाही, हे सरकारने 1904 च्या शिक्षणविषयक ठरावात स्वतःच मान्य केले होते. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. एका संस्थानाला जे परवडते ते साम्राज्याला का परवडू नये? 16 मार्च 1911 रोजी गोखल्यांनी विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा, दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये, अशी त्यातली कलमे होती. खर्च किती येईल आणि त्यातला सरकारने किती उचलावा, तेही त्यांनी मांडून दिले होते. पैसा नाही म्हणायला त्यांनी जागा ठेवली नव्हती.

वर्षभर ते विधेयक देशभर मतासाठी फिरले. 19 मार्च 1912 रोजी मते घेतली गेली, बाजूने 13 आणि विरुद्ध 38. विरोधात सरकारी अधिकारी होते, तसे काही हिंदी जमीनदारही होते. शेतकऱ्यांची मुले शिकली तर शेतात काम कोण करणार, ही त्यांची चिंता. विधेयक पडणार हे गोखल्यांना आधीपासून ठाऊक होते आणि तसे ते सदनात बोललेही, तरी चर्चेतला एकही आक्षेप त्यांनी उत्तराशिवाय सोडला नाही. त्यांच्या आयुष्यातला हा दिवस आम्हाला सर्वांत मोठा वाटतो.

भारत सेवक समाज त्यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापन केला. त्याच वर्षी ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष होते. 1912 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले, गांधीजी त्यांना गुरू मानीत. हे सर्व पुस्तकांत आहेच. मधुमेह आणि अतिश्रम यांनी शरीर खचले आणि 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. जन्मभर मतभेद असलेले लोकमान्य टिळक सिंहगडाहून उतरून स्मशानात आले आणि त्यांनी गोखल्यांना श्रद्धांजली वाहिली.

खर्चाच्या काही मागण्यांवर मत देण्याचा अधिकार केंद्रीय कायदेमंडळाला 1921 मध्ये मिळाला, आणि झालेला खर्च तपासणारी लोकलेखा समितीही त्याच वर्षी प्रथम नेमली गेली. तोपर्यंत गोखल्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा संसदेने 2009 मध्ये केला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. त्यात वयाची सुरुवात गोखल्यांच्या विधेयकाप्रमाणे सहा वर्षांचीच आहे, वरची मर्यादा मात्र दहाच्या जागी चौदा झाली आहे, आणि मुलींचाही त्यात पहिल्यापासून समावेश आहे.