जमशेदजी टाटा : भाड्याची लढाई आणि आपला चांदा जिल्हा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, जमशेदजी टाटांवर निबंध लिहायला सांगितला की मुलं पोलाद कारखाना आणि ताजमहाल हॉटेल लिहून मोकळी होतात. जहाजांची लढाई कुणी लिहीत नाही, आणि आपल्या चंद्रपूरचं नाव तर नाहीच नाही. म्हणून हा निबंध.

जन्म ३ मार्च १८३९, नवसारीचा. १ जानेवारी १८७७ ला त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का? विदर्भाचा कापूस हाताशी आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ, म्हणून.

मुंबईच्या गिरण्यांचं सूत जहाजाने चीनला जाई. पण पी अँड ओ ही इंग्रज कंपनी आणि तिच्या दोन युरोपीय साथीदारांनी संगनमत करून भाडं चढं ठेवलं होतं. माल तुमचा, गिऱ्हाईक तुमचं, पण रस्ता त्यांचा! मुलांना हे मोबाईलवरून चटकन कळतं बघा. ॲप बनवणारा एक, वापरणारा दुसरा आणि मधलं दुकान तिसऱ्याचंच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केला, तो अशाच कारणावरून. प्ले स्टोअरवर विक्री करायची तर पैसे आमच्याच यंत्रणेतून घ्या, ही सक्ती. अपिलात २०२५ मध्ये दंड सुमारे २१६ कोटींवर आला, ही गोष्ट वेगळी.

जमशेदजींच्या वेळी असा आयोग नव्हता, कायदाही नव्हता. १८९३ मध्ये ते जपानला गेले, तिथल्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी बोलणी केली आणि स्वतः ‘ॲनी बॅरो’ नावाचं जहाज भाड्याने घेतलं. झाली टाटा लाईन सुरू! समोरच्यांनी काय केलं? भाडं टनाला दीड रुपयापर्यंत उतरवलं. शिवाय, टाटांच्या किंवा जपान्यांच्या जहाजाने माल पाठवणार नाही असं लिहून देणाऱ्याला सूट. खरं तर भाडं उतरवण्यापेक्षा ही अटच जास्त घातक होती. जमशेदजींनी सरकारकडे तक्रार केली, पत्रकही छापलं. पण स्वस्ताईच्या मोहात व्यापारी एकेक करून फिरले. लाखाच्या वर नुकसान सोसून त्यांना जहाजं परत करावी लागली. जपानी कंपनी मात्र त्या मार्गावर टिकली.

आता आपल्याकडे या. १८८२ मध्ये त्यांच्या वाचनात एक सरकारी अहवाल आला. त्यात चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या उत्तम लोहखनिजाची माहिती होती. (तेव्हा आजचा गडचिरोलीही चांद्यातच, वेगळा झाला १९८२ ला.) वरोऱ्याचा कोळसा त्यांनी जर्मनीत तपासून घेतला. तो भट्टीला चालेना, आणि खाणीच्या सरकारी अटी इतक्या जाचक की बेत गुंडाळावा लागला. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनने नियम सैल केले, तेव्हा साठीच्या जमशेदजींनी तोच कागद पुन्हा काढला! मुलगा दोराबजी आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड यांनी चांद्याचं जंगल बैलगाडीने पालथं घातलं, पण खनिज आणि कोळशाचं गणित जुळलं नाही. मग नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना एक भूगर्भीय नकाशा दिसला. दुर्गकडच्या भागावर लोखंडाची दाट खूण होती. तिथून शोध पुढे सरकला.

१९ मे १९०४ ला जर्मनीत जमशेदजी वारले. साकचीच्या भट्टीतून पहिलं लोखंड निघालं ते १९११ च्या डिसेंबरात.